तेहतीस वर, एक खाली

खोलीत चौतीस खेळणी होती. अकरा जनावरं, आठ माणसं, पाच गाड्या, सहा भांडी, तीन लाकडी घरं आणि डॉक्टरचा एक संच, जो मी एकच धरायचे, कारण त्यातल्या वस्तू मुलं कधी सुट्या वापरतच नसत. पाण्याचा निळा टब मी खेळण्यांत मोजत नसे, तो सामानात. मूल आत येण्याआधी ही सगळी खेळणी भिंतीच्या कडेने, ठरलेल्या क्रमाने जमिनीवर मांडणं हे माझं काम, आणि मूल खेळत असताना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसतं बघणं हेही माझंच काम. आज पाऊण तासानंतर तेहतीस खेळणी टेबलावर होती. पायलने ती एकेक करून उचलून नेली होती, टाचा उंचावून, घाई न करता, सामान हलवणाऱ्या माणसासारखी. आधी घरं, मग माणसं, मग गाई-म्हशी, आणि वाघसुद्धा. जमिनीवर एकच उरली होती, लाल फ्रॉकची, तळहाताएवढी बाहुली. पायलने आपल्या उजव्या वेणीचं रबर सोडलं, ते बाहुलीच्या दोन्ही पायांभोवती चार वेढे देऊन घट्ट बसवलं, आणि तिला पाण्याच्या टबाशेजारी उभं केलं. "आता नाही येणार," ती म्हणाली. खेळातून मुलांवर उपचार करणाऱ्या लालवानी मॅडम प्रश्न विचारत नाहीत. मुलाचं वाक्य त्या परत मुलाच्या हातात ठेवतात. "आता नाही येणार," त्या म्हणाल्या. "पाणी," पायल म्हणाली. तिची सुटलेली वेणी खांद्यावर उलगडत होती आणि दुसरी तशीच घट्ट होती.

खालच्या मजल्यावर जीन्सचं शिलाईकाम चालतं, त्याच्या मशिनींची घरघर फरशीतून माझ्या पायांत कायम येत असते. त्या क्षणी ती थांबल्यासारखी वाटली. थांबली नसणार, मलाच ऐकू येईनाशी झाली. कॉलेजात टायट्रेशन करताना असंच व्हायचं. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब पडत राहतात, फ्लास्कमधला द्रव पाण्यासारखा स्वच्छ, पुन्हा थेंब, पुन्हा स्वच्छ, माणूस कंटाळतो, आणि मग एका थेंबाला आत गुलाबी रेघ उठते. हलवलं की ती नाहीशी होते. पण ती दिसलेली असते. आता जवळ आलंय, हे हाताला डोक्याच्या आधी कळतं आणि बोटं नळावर सावध होतात. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, लहान मुलांच्या खेळण्यांपाशी काय करते, असं बाबा विचारतात. मी त्यांना म्हणते, तेच करते. थेंब टाकायचा, हलवायचं, बघायचं. घाई केली की सगळं एकदम गडद होतं आणि प्रयोग पहिल्यापासून करावा लागतो.

पायल पाच वर्षांची. बदलापूरला मांजर्लीत राहते, नदीपासून दुसऱ्या गल्लीत. गेल्या पावसाळ्यात तिथे पूर आला, त्यानंतर तिने लघवी धरून ठेवायला सुरुवात केली. आधी दुपारपर्यंत, मग संध्याकाळपर्यंत. पोट फुगून टणक व्हायचं, चेहरा पांढरा व्हायचा, पाय एकमेकांवर घट्ट, आणि तरी ती जायची नाही. झोपेत थेंब थेंब झिरपून अंथरूण ओलं व्हायचं, तेवढंच. गेल्या महिन्यात दोनदा नळी घालून काढावी लागली. लघवी, रक्त, पाठीच्या कण्याचा फोटो, सगळं तपासून झालं होतं. सगळं नॉर्मल. मात्र सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज दिसायला लागली होती. येत्या सोमवारी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात भूल देऊन आतून तपासणी करायची होती, आणि त्यातही काही सापडलं नाही तर तिच्या आईला रोज घरी नळी घालायला शिकवणार होते. दिवसातून चार वेळा. किती वर्षं, ते कुणी सांगत नव्हतं. आज शुक्रवार होता. त्या वयाच्या मुलाच्या मूत्राशयात किती मावतं, याचं एक सोपं सूत्र आहे: वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं. पायलचं उत्तर दोनशे दहा मिलिलिटर येतं. ती त्याच्या दुप्पट धरून ठेवायची. त्या आकड्याचं मला नेहमी नवल वाटायचं. एवढ्याशा शरीरात एवढी ताकद, आणि सगळी एकाच दिशेला लावलेली. ती मुलगी आजारी नव्हती, ती काम करत होती. रात्रंदिवस, सुट्टी न घेता. कसलं काम, तेवढंच आम्हाला माहीत नव्हतं.

अशा वेळी माझा डावा कान गरम होतो. हे मी कुणाला सांगत नाही, कारण एका माणसाच्या अनुभवावरून नियम काढायचा नसतो. पण कान गरम होतो. मी सहा वर्षांची असताना अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि बाबा एकमेकांशी बोलायचे थांबले होते. भांडण कशावरून ते आजही मला माहीत नाही. आवाज चढले नाहीत, काही आदळलं नाही, फक्त वाक्यं माझ्यातून जायला लागली. "बाबांना सांग, ताट वाढलंय." बाबा हातभर अंतरावर. "आईला सांग, भूक नाही." मी सांगायचे. शब्द एकही इकडचा तिकडे न करता सांगायचे, मला ते चांगलं जमायचं. आणि मग कान दुखायला लागला. आत कुणी काडी फिरवतंय असा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, कान स्वच्छ. थेंब दिले. गरम तेलाचा बोळा झाला, लसणाची पाकळी झाली. मी उशीवर कान दाबून पडून राहायचे, आणि मी पडून राहिले की वाक्यं कुणातून जाणार? एकदा, मी तशीच पडलेली असताना, आई सरळ बाबांना म्हणाली, "दिवा लावा हो." बाबा उठले, बटण दाबलं. माझ्या पापण्यांवर उजेड पडला. मी डोळे उघडले नाहीत. कान त्या आठवड्यात थांबला. घरात अजूनही सगळे म्हणतात, लसणाने थांबला. मी वाद घालत नाही. पण शरीराला एखादी गोष्ट तोंडाच्या आधी कळते आणि ते आपल्या परीने उपाय शोधतं, वेडावाकडा, महागडा, पण उपाय, हे मला तेव्हापासून ठाऊक असावं. पुढे त्याला पुस्तकातली नावं मिळाली एवढंच.

मॅडमनी पायलला चित्रांचे खडू दिले आणि मला डोळ्यांनी दाराकडे खुणावलं. बाहेर पॅसेजमध्ये पायलची आई, भारती, बाकावर बसली होती. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते, आज हाफ डे टाकून आली होती. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. "काय म्हणते?" तिने विचारलं. मी म्हटलं, "खेळतेय छान. भारतीताई, पुराच्या दिवशी पायल कुठं होती?" हे आम्ही पहिल्या भेटीतच विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं, सगळे सुखरूप होते, शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. तेच ती पुन्हा म्हणाली. मग मी विचारलं, "गच्चीवर बाथरूमचं काय केलंत?" आणि भारती चक्क हसली. इतक्या भेटींत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

"अहो कसलं बाथरूम. चाळीसेक माणसं वर, एवढ्याशा जागेत. बायकांनी चादर धरून काय ते केलं. ही मधूभावजींच्या खांद्यावर. माझ्या कडेवर आकाश होता ना, तीन महिन्यांचा. आणि हिनं सोडलं की तिथंच. भावजींच्या मानेवरून, शर्टात. लोक रडत होते हो ताई, कुणाची गाडी वाहून गेली, कुणाचा फ्रीज समोरून चाललाय. आणि भावजी ओरडले, 'अरे, हिला थांबवा कुणीतरी, आमच्या पायलनंच बुडवली मांजर्ली!' असे हसले सगळे. रडता रडता हसले. मी पण. तेवढा वेळ बरं वाटलं बघा."

"मग?"

"मग काय. अजून सांगतात. कुणी पाहुणा आला की पहिली तीच गोष्ट. परवा नणंदेच्या लग्नात मांडवात सांगितली. बिल्डिंगमधले तर रोजच तिला, 'काय पायल, यंदा किती पाणी सोडणार? आधी सांग हां, सामान वर टाकायला.'"

"आणि पायल काय म्हणते?"

"ती काय म्हणणार. लाजते."

मी माझा आवाज सपाट ठेवला. प्रयोगशाळेत बाई म्हणायच्या, हवं ते उत्तर दिसायला लागलं की हात पाठीमागे बांधा. मी हात पाठीमागे बांधले. धाकटा भाऊ आजीकडे असतो, एवढं पहिल्या भेटीत कळलं होतं. "आकाश वांगणीला कधी गेला?"

"पाणी उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरात गुडघाभर चिखल, एवढंसं पोर. माझी आई घेऊन गेली. म्हटलं, भिंती वाळल्या की आणू. भिंती वाळायला दिवाळी आली. मग माझी कंपनी सुरू झाली, सांभाळणार कोण..." ती थांबली. हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं, कडेला राहिलं होतं. "का हो? त्यात काय?" मी म्हटलं, "सांगते," आणि आत गेले. चालत गेले. पळाले असते तर तिला कळलं असतं.

ते सगळं किती सरळ होतं. ओळीने मांडलेल्या खेळण्यांसारखं. तिने सोडलं, पाणी आलं, भाऊ गेला. मोठ्या माणसांनी स्वतः सांगितलं होतं, एकदा नाही, दर पाहुण्याला, मांडवात, जिन्यात, आणि दर वेळी सगळे हसून होकार देत होते. पाच वर्षांच्या माणसाने याहून जास्त पुरावा कुठून आणायचा? ती कारण आणि परिणाम जोडत होती, जशी मी जोडते. तिची पद्धत बरोबर होती, तिला दिलेली माहिती खोटी होती. आणि तिने निष्कर्षावर थांबून न राहता जबाबदारी घेतली होती. नदी आपल्या पोटात बांधून ती मांजर्लीतून हिंडत होती. मला ओरडावंसं वाटलं. मला नाचावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, कुणी माझ्या मानेवर गार हात ठेवावा तशी लाज वाटली, कारण एका मुलीच्या पोटात दुखतंय आणि मला आनंद झालाय. पण झाला होता.

मॅडमना मी दाराजवळच कुजबुजून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हां," त्या म्हणाल्या, नुसतं हां. मग माझ्याकडे बघून, त्यांच्या सिंधी लाडाच्या हाकेने, "साईं, आता तू हिला जाऊन सांगणार, असंच ना? तुझ्या तोंडावर लिहिलंय."

"सांगायला नको? धरणातून किती पाणी सुटलं, नदीत किती घनमीटर..."

"पाच साल की बच्ची को घनमीटर." त्या हसल्या नाहीत, डोळे मात्र हसले. "आणि ती म्हणेल, हो ताई. बडों को मुलं हो म्हणतात. कल फिर पेट फुगेल. चाचा कुठे आहे?"

मधूकाका खाली रिक्षात होता. दर वेळी तोच त्यांना बदलापूरहून घेऊन येतो, आणि मग रस्त्यापलीकडे चहा पीत थांबतो. मी त्याला वर बोलावून आणलं. जिन्यात तो म्हणाला, "जयभीम ताई, काय झालं? पोरीनं तोडफोड केली काय? तुमचा बिल्डिंगवाला सिंधी डिपॉझिट कापंल." तोंडात विनोद तयारच असतो त्याच्या. मला त्याचा राग यायला हवा होता, तो येईना. गच्चीवर, बुडणाऱ्या घरांकडे बघत, चाळीस रडणाऱ्या माणसांना हसवावं असं ज्याला सुचलं, तो माणूस वाईट कसा असेल? मॅडमनी त्याला दारात थांबवून एवढंच सांगितलं, "खेलना है. ती सांगेल ते करा. समजावू नका. सॉरी नाही, जोक तो बिलकुल नाही." तो गोंधळून हो म्हणाला आणि चपला काढून आत आला.

पायलने त्याला पाहिलं आणि लगेच सांगितलं, "काका, तू वर बस." टेबलावर जागा नव्हती. तिने छोटी खुर्ची ओढली. तो त्या लाल खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीला लागले. त्याने टेबलावरची गर्दी पाहिली, वाघाशेजारी म्हैस, म्हशीशेजारी घर, आणि मग जमिनीवर टबाशेजारी ती एकटी बाहुली. "आणि ही? ही नाही आली वर?"

"ती खालीच."

"का गं?"

"तिला शू येते." पायलने रबर चाचपून पाहिलं, सैल तर झालं नाही ना. "तिनं केली की पाणी येतं. मग बाळाला नेतात."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, मला ते टाळता आलं नाही. आधी तो हसायला निघाला, सवयीने. मग ते हसू गालातच अडकलं. त्याचा हात हळूहळू वर गेला आणि स्वतःच्या मानेवर, कॉलरच्या आत जाऊन थांबला. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली नाही. खालच्या मशिनी एकदम जोरात ऐकू यायला लागल्या. तो बोलेल, मी मनात म्हटलं, आता तो बोलणार, अगं वेडे, मी गंमत केली होती म्हणणार, आणि द्रव एकदम गडद होणार. पण तो खुर्चीवरून उतरला आणि मांडी घालून बाहुलीशेजारी जमिनीवर बसला.

"वर जा ना," पायल घाबरून म्हणाली.

"नाय. मी पण हितंच. बघू तरी किती येतं."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मॅडमचा हात माझ्या मनगटावर येऊन घट्ट बसला, जणू मीच काहीतरी करणार होते. पायल बराच वेळ उभी राहिली. पाय एकमेकांवर, ओठ दातांत. मग टेबलावरून तिने चहाची किटली घेतली, बोटाएवढ्या तोटीची. टबात बुडवून भरली आणि बाहुलीच्या पायांशी रिकामी केली. पाणी फरशीवर पसरलं, काकाच्या पॅंटपर्यंत आलं. तो हलला नाही. तिने मान वर करून टेबलाकडे पाहिलं. घरं जागच्या जागी होती. पुन्हा भरली, पुन्हा ओतली, पुन्हा वर पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर ब्युरेट होती. थेंब, हलवणं, बघणं. हिला कुणी शिकवलं? ती आता भराभर ओतायला लागली, फ्रॉक भिजला, काका कमरेपर्यंत भिजला, आणि पाणी उताराने दाराखालून बाहेर निघालं.

"अगो बाई," बाहेरून भारतीचा आवाज आला, "पाणी आलं, पाणी आलं इकडे."

पायलच्या हातातली किटली तिथेच थांबली. मी असं थांबणं याआधी पाहिलेलं नाही. तिच्या पापण्याही थांबल्या. रंग उतरायला लागला, कपाळापासून खाली, आणि दोन्ही गुडघे एकमेकांना शोधत जवळ आले. झालं, मला वाटलं. आता हे कायमचं. सोमवार मला स्पष्ट दिसला, स्ट्रेचर, मास्क, आणि मग भारती स्टीलच्या भांड्यात नळ्या उकळताना.

"येऊ दे वहिनी," काका बसल्या जागेवरून म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "आत या. बघा कुठवर आलंय ते. पोरीला दाखवा."

दार उघडलं. भारती पाण्यात उभी होती. तिने काय ओळखलं, किती ओळखलं, मला माहीत नाही. तिने आधी दिराकडे पाहिलं, मग टबाशेजारच्या त्या बांधलेल्या बाहुलीकडे. मग साडी जरा उचलली आणि पाऊल पुढे केलं. "चप्पल भिजली," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, तिने तो पुन्हा सरळ केला. "चपलेचा तळ भिजला, पायल. बाकी काही नाही."

पायल जवळ गेली. वाकून आईची चप्पल पाहिली, अंगठ्याजवळ बोट लावून पाहिलं. "एवढंच?"

मॅडमची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. पायलने मागे वळून टेबलाकडे पाहिलं, वाघ, म्हैस, तीन घरं, सगळं कोरडं. काकाकडे पाहिलं, तो भिजून बसला होता आणि तिथेच होता. ती टबाजवळ परत आली, उकिडवी बसली, बाहुलीच्या पायांचं रबर एकेक वेढा करत सोडवलं आणि आपल्या मनगटात घातलं.

"आई," ती म्हणाली, "शूला."

संडासात मापाचं प्लॅस्टिकचं भांडं पहिल्या दिवसापासून मी ठेवलेलं होतं, दर वेळी कोरडंच उचललेलं. मी ते भारतीच्या हातात दिलं आणि बाहेर आले. मधूकाका पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याच्या पॅंटमधून पाणी गळत होतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग बारीक, तुटक. मग थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी ते थांबेना, प्लॅस्टिकवर पडणारा आवाज भांडं भरत गेलं तसा जाड होत गेला, आणि आतून पायल, स्वतःशीच, अगदी हळू काहीतरी गुणगुणत होती. काकाचे खांदे हलायला लागले. खालून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, उपर पाणी कसलं सोडलंय? माल भिजला ना." मॅडमनी त्याला वरूनच हाताने थांब म्हटलं.

भारतीने भांडं बाहेर आणून माझ्या हातात दिलं. ते गरम होतं. मी ते खिडकीच्या सपाट कट्ट्यावर ठेवलं, लाटा थांबू दिल्या, गुडघे वाकवून डोळा रेषेच्या पातळीत आणला आणि पृष्ठभागाच्या वक्राचा तळ वाचला.

चारशे वीस मिलिलिटर.